तायडेमास्तरांचं निळं पाणी

चांदूर बाजारला भर बाजारात मी एका संत्र्याची गोष्ट सांगत होतो. मोर्शीकडच्या बागेतलं ते संत्रं एवढं वाढलं होतं की उतरवायला दोन सुतार बोलवावे लागले आणि त्याच्या एका फोडीत अख्खी पंगत उठली, अशी ती गोष्ट. चहाच्या दुकानापुढं पंधरावीस माणसं जमली होती आणि त्यांच्या मागं अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत धरून उभा होता. हाही ऐकायलाच थांबला असं समजून मी आणखी रंगात आलो, पंगतीत आणखी दोन गावं बसवली. हशा झाला, माणसं पांगली, तेव्हा तो पुढं आला आणि म्हणाला, "बापूभाऊ, तुमची गोठ मधी तोडा वाटली नाई म्हनून थांबलो... तायडेमास्तर गेले. काल सकायी. पेपर वाचता वाचता मान टाकली."

त्याला आज पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मास्तरांवर काही लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि नंतर तीन वेळा कागद फाडला. वऱ्हाडात मला ओळखणारं पोरसुद्धा सांगेल की बापू ढोरे एकाचे दहा करतो. दहाचे शंभर करायलाही मी कधी मागं पाहिलं नाही. पण मास्तर जन्मात एकदाच खोटं बोलले होते आणि ते माझ्यासाठी. ते खोटं मी इतकी वर्षं तसंच राहू दिलं. ते खोडल्याशिवाय त्यांच्यावर एक ओळही लिहिण्याचा मला हक्क नाही, हे तिसरा कागद फाडताना कळलं. म्हणून आधी एका गावाला जाऊन आलो आणि मग लिहायला बसलो.

किसन तायडे अकोल्याकडचे. लढाईच्या काळात पलटणीत होते. तिथं विषारी वायूची कवायत शिकले, म्हणजे शिट्टी वाजली की पापणी लवायच्या आत तोंडावर मुखवटा चढला पाहिजे, अशी ती कवायत. तो वायू त्यांच्यावर कधी कुणी सोडला नाही, पण कवायत अंगात मुरली ती मुरलीच. पुढं हिवतापाच्या फवारणीत धारणीला आले. तिथं मी पंपांची दुरुस्ती करत होतो. जीप जाईल तिथवर जीपनं, पुढं पंप डोक्यावर घेऊन आम्ही दोघांनी मेळघाटातली घरं डीडीटीनं पांढरी केली. उंच, कोरडा माणूस. हसणं जवळपास नाही. मी जेवताना वाघाची गोष्ट सांगत असलो की ते भाकर खात ऐकत आणि शेवटी एवढंच विचारत, "वाघ कुठल्या पायानं लंगडत होता म्हनला तू?" सुरुवातीला मी उजवा सांगितलेला असे आणि आता डावा सांगून बसे.

छप्पन साली त्यांनी आणि त्यांच्या घरानं धम्म स्वीकारला. त्यानंतर दोनतीन पावसाळ्यांत कपाशीसाठी आणि संत्र्यांसाठी नवं औषध आलं आणि त्याचं काम आम्हा फवारणीवाल्यांकडंच आलं. डीडीटीच्या मानानं ते औषध म्हणजे... मी माझ्या पद्धतीनं सांगितलं असतं की बाटलीकडं बघूनच कावळा पडायचा. खरं एवढंच की ते कातडीतून आत जायचं, वास आला तरी जायचं आणि आत गेल्यावर घड्याळ बघायला फार वेळ द्यायचं नाही. म्हणून औषधाबरोबर खात्यानं पेट्या भरून कपडे पाठवले. जाड कापडाचा बंद डगला, त्यावर मागून बांधायचा रबरी एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, गमबूट, काचेचा चष्मा आणि नाकातोंडावर डबीचा मुखवटा. गावातली माणसं त्याला सोंग म्हणत. आमच्या साहेबांचा समज असा की सोंग वाटलं, सही घेतली, काम झालं.

मास्तर साहेबांपुढं उभे राहून म्हणाले, "साहेब, कपडा मानसाले वाचवत नाई. कपड्यात काम कराले शिकलेला मानूस वाचते." साहेबांनी विचारलं, शिकायचं काय त्यात, बायका लुगडं नेसतात तसं नेसायचं! मास्तरांनी विनंती करून तो सगळा जामानिमा साहेबांच्याच अंगावर चढवला आणि खिशातली आगपेटी काढून एक काडी पेटवून दाखवायला सांगितली. साहेबांच्या त्या हातमोज्यांतून काडी सुटेना, चष्म्यावर वाफ धरली, पेटी खाली पडली, आणि वाकून उचलायला गेले तर मुखवटा घसरला. दुसऱ्याच आठवड्यात अकोल्याला रुळांपलीकडच्या पडीक मैदानात आमचा वर्ग सुरू झाला. शिकवणारे मास्तर आणि पंप सांभाळायला मी.

मे महिना. अकोल्याच्या मे महिन्यात मी एका कावळ्याला दुसऱ्या कावळ्याच्या सावलीत बसलेला पाहिला आहे, आणि हे मी आजही मागं घेणार नाही. त्या उन्हात मास्तर दहा दहा माणसांना पूर्ण सोंग चढवून बसवत. पहिल्या दिवशी पंप नाही, फवारा नाही, नुसतं बसायचं. दुसऱ्या दिवशी चालायचं. तिसऱ्या दिवशी हातमोज्यांनी परातीतले ज्वारीचे दाणे वेचायचे, नंतर नोझल उघडायचं, वायसर काढायचं, गवताच्या काडीनं भोक साफ करायचं आणि परत बसवायचं. आमच्याकडं नोझल तुंबलं की माणूस सवयीनं ते तोंडाला लावून फुंकतो. बासरी वाजवावी तसं. मास्तरांनी त्या एका सवयीमागं चार वर्षं घालवली. मुखवट्यातून बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा बसवल्या: छातीवर थाप म्हणजे श्वास लागतो, डोक्यावर हात म्हणजे गरगरतं, दोन्ही हात वर म्हणजे सगळं टाकून या. आणि कितीही जोर असला तरी दोन ओळी मारल्या की निंबाखाली यायचं, मीठ घातलेलं पाणी प्यायचं. "घामानं पडला काय अन् औषधानं पडला काय, खांद्यावर मलेच आनावं लागन," म्हणायचे.

एप्रनचे बंद पाठीवर असत. स्वतःचे स्वतःला बांधता येत नसत. जोडीदारानं बांधायचे, जोडीदारानं डगल्याची गळ्याची कडी बघायची, मुखवट्याचा पट्टा बघायचा, आणि मगच पुढच्यानं शेतात पाय टाकायचा. जोडी मास्तर स्वतः लावत आणि ती लावताना गाव, घर, जात काही विचारत नसत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. एका तालेवार घरच्या पोरानं, पाठ कुणाकडं करायची हे बघून, आपले बंद लोंबतेच ठेवले. आता मास्तर रागावतील म्हणून मी कान टवकारले. त्यांनी पंप भरले आणि सगळ्यांना मैदानात सोडलं.

पंपात औषध नसायचंच. नीळ कालवलेलं पाणी असायचं, लुगड्या-धोतरांना घालतात ती नीळ. हीच त्यांची परीक्षा. तासभर फवारून झालं की माणसांनी ठरल्या क्रमानं कपडे उतरवायचे, आधी हातमोजे हातात असतानाच साबणानं धुवायचे, मग चष्मा, एप्रन, डगला, बूट, मुखवटा, सर्वांत शेवटी हातमोजे. नंतर उघड्यानं ओळीत उभं राहायचं आणि मास्तर हातात आरसा घेऊन प्रत्येकाला त्याच्या अंगावरचे निळे डाग दाखवत फिरायचे. "पाह्य हे. इथून गेलं तुह्यात." कुणाच्या कानामागं, कुणाच्या बेंबीत. त्या तालेवार पोराची पाठ मानेपासून खाली निळी. मास्तरांनी आरसा धरला, त्याला मान वळवून बघू दिलं, आणि पुढं गेले. दुसऱ्या दिवशी तो पोरगा जोडीदाराकडं पाठ करून आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जरा घट्ट बांध गा."

माझे ओठ निळे निघाले होते. सगळ्यांना फुंकू नका म्हणून सांगणारा मी, आणि नोझल तुंबल्यावर... मास्तरांनी आरसा माझ्यापुढं जरा जास्तच वेळ धरला. "बापू, तू मेला," म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "मास्तर, निळाच रंग काहून?" विचारण्यात खोच होती. मास्तर शांतपणे म्हणाले, "गुलाल घातला त नाचतीन, हळद घातली त नवरदेव होऊन बसतीन. निळीनं मानूस आपल्याच अंगाकडं पाह्यते."

मैदानात शिकवलेलं शेतात उतरायचं, तेव्हा मात्र मास्तरांनाही शिकावं लागलं. दर्यापूरकडं पहिल्या वर्षीच्या फवारणीला दहा माणसं नीट तयार झाली, जोड्यांनी एकमेकांना तपासलं, आणि मास्तर औषध मोजून येतात तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गमबुटांचे दहा जोड ओळीनं मांडून ठेवलेले. माणसं डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सोंगात, आणि अनवाणी, कपाशीत. त्यांना परत बोलावलं. सर्वांत वडील होता तो मुखवटा खाली करून म्हणाला, "मास्तर, फुलावर आलं शेत. काळी माय हाय. तिच्या अंगावर जोडे घालून कसं जाव?" दुसरा कुणी असता तर ओरडला असता. मी तर ओरडायला तोंड उघडलंही. मास्तरांनी धुऱ्यावरचा एक बूट उचलून त्याचा तळ पाहिला. मग त्यांनी विहिरीवर नेऊन दहाही जोड आतून-बाहेरून धुऊन आणले आणि म्हणाले, "रस्त्याची धूळ न् शेण लागते म्हनून जोडे बाहीर काढता ना? मंग हे बूट रस्त्यावर चालनारच नाईत. घरून अनवानी या, बूट खांद्यावर. इथं घाला, इथंच धुवा, इथंच काढा. हे फक्त शेतातलेच." वडील माणूस विचार करून म्हणाला, "असं असन त चालते." तेव्हापासून आमची माणसं रस्त्यानं अनवाणी आणि शेतात बूट घालून, अशी सगळ्या जगाच्या उलटी चालू लागली. साहेब हसले. पण बुटांबरोबर विष एकाही माणसाच्या घरी गेलं नाही.

आता महादेव.

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही. मजुरीवर फवारायला आलेला, पंचविशीतला, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. हातमोजे घालून सुईत दोरा ओवायचा, हे मी फुगवून सांगत नाही, मास्तरांनी सगळ्या वर्गापुढं त्याच्याकडून ओवून घेतला होता. माझ्या गोष्टींवर त्याच्याएवढं हसणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. हसताना तो खाली बसायचा. मास्तरांनी त्याची जोडी माझ्याबरोबर लावली. मला म्हणाले, "हा चांगला हाय. याच्यावर ध्यान ठेव." महादेवलाही बाजूला घेऊन बहुधा माझ्याबद्दल हेच सांगितलं असावं.

दसरा होऊन गेला होता. बोंडांना अळी लागलेली, वर ते दसऱ्यानंतरचं ऊन. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या आणि धुण्याचं पाणी संपलं. धुवायला पाणी नाही तर फवारणी नाही, हा मास्तरांचा नियम. ते स्वतः बैलगाडीवर पिंपं घेऊन लांबच्या विहिरीवर गेले आणि जाताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत कोनी उठाचं नाई." आम्ही निंबाखाली बसलो. माणसं उकडून निघालेली, शेतमालक धुऱ्यावर येरझारा घालत होता. जीव रमवायला मी गोष्ट सुरू केली.

गोष्ट अशी. धारणीला एकदा माझ्या पाठीवर पंप फुटला आणि सगळं औषध अंगावर सांडलं. मी हात झटकले आणि तसाच भाकर खायला बसलो. त्यानंतर सात दिवस मला चावेल तो डास मरे. माझा सदरा नाल्यात धुतला तर मासे उलटे होऊन वर आले, ते पकडून आम्ही कालवण केलं. आठव्या दिवशी साप चावला. मी बसलो, साप बसला. मी त्याच्याकडं पाहतो, तो माझ्याकडं पाहतो. शेवटी सापानंच मान टाकली... आता धारणीला होती ती डीडीटी, आणि फुटला होता तो पंपसुद्धा रिकामा होता. पण हे कोण सांगतं! महादेव मातीत बसून पोट धरून हसत होता.

हसता हसताच तो उठला. मालक म्हणत होता, दोनच ओळी आहेत, ऊन उतरायच्या आत मारून टाका. महादेवनं मुखवटा, हातमोजे निंबाखालीच ठेवले आणि एप्रन, डगला फांदीवर टाकला. म्हणाला, "बापूभाऊ, तुमच्यानं साप मेला. मी त तुमचा जोडीदार, मले काय होते?" मला एक शब्द बोलायचा होता. तो शब्द 'खोटं' एवढाच होता. पण सगळे हसत होते, आणि माझ्या गोष्टीवर माणसं हसत असताना ती खोटी आहे असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. मीही हसलो. त्याच्या उघड्या पाठीवर पंपाचे पट्टे मीच चढवले. त्या पंपाचं झाकण जरा गळतं, हे मला, पंपवाल्याला, ठाऊक होतं.

मास्तरांची गाडी आली तेव्हा महादेव दुसऱ्या ओळीच्या शेवटी खाली बसला होता. मला लांबून वाटलं, हसतोय. मास्तरांना लांबूनच कळलं. ते गाडीतून उडी टाकून कपाशीतून धावले, पिंपातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतत राहिले, त्याच्या तोंडाचा फेस पुसत राहिले. "बापू, जीप!" एवढं एकदा ओरडले. महादेवच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. जीपमध्ये त्याचं डोकं मास्तरांच्या मांडीवर होतं आणि झटके देणारे पाय माझ्या. अकोला दिसायच्या आधी ते पाय थांबले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौकशी केली. टेबलासमोर मास्तर आणि मी उभे. साहेबांचा पहिलाच प्रश्न, "याची जोडी कोणाबरोबर होती?" मी टेबलावरच्या दौतीकडं बघत राहिलो. मास्तरांनी वेळच दिला नाही. म्हणाले, "माझ्याबरोबर. मी पाण्याले गेलो अन् तो एकटा राहिला. चूक माझी आहे." साहेबांनी ते लिहून घेतलं, मास्तरांनी खाली सही केली. शिकवण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना परत धारणीला धाडलं. वर्ग बंद पडला. कपडे पेट्यांत गेले आणि त्या हंगामात माणसं पुन्हा उघड्या अंगानं फवारू लागली.

मी धारणीला त्यांच्याकडं गेलो, बसनं, जीपनं, शेवटचे काही कोस पायी. "मास्तर, काहून केलं असं?" मास्तर कंदिलाची काच पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "तुले सरळ घरी बसवलं असतं. मले फक्त इकडं धाडलं." मग काच बसवत म्हणाले, "लोकं मले भेतात, बापू. भिऊन घातलेला कपडा मी पाठ फिरवली का उतरते. तुह्यं मात्र ऐकतात. तू सापाची गोठ सांगतली अन् त्या पोरानं डगला काढला. म्हंजे तुह्या जिभेत जोर हाय. आता थो दुसरीकडून लाव." मी रडलो असं लिहिणार होतो. रडलो नाही.

ते वर्ग पुन्हा सुरू व्हावेत म्हणून धारणीहून अर्ज करत राहिले, दोन पावसाळे. खालच्या गावांत आणखी माणसं पडली तेव्हा अर्जाला उत्तर आलं. मास्तर अकोल्याला परतले आणि पहिल्याच दिवशी, सगळे नवे शिकाऊ सोंग घालून उन्हात बसलेले असताना, मला पुढं बोलावून म्हणाले, "बापू, सापाची गोठ सांग." मी त्यांच्याकडं पाहिलं. ते थट्टा करणारे नव्हतेच. मी सांगितली. माणसं मुखवट्यांच्या आत हसली. मग मास्तर म्हणाले, "आता पुढचं." आणि मी सांगितलं की ही गोष्ट खोटी आहे, ती ऐकून एका माणसानं डगला उतरवला, आणि अकोला दिसायच्या आधी त्याचे पाय थांबले. दर वर्गाला, पहिल्या दिवशी, हेच. वर्षानुवर्षं. आमच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकही माणूस त्यानंतर औषधानं गेला नाही. यात मी काही मिसळलेलं नाही, मिसळायची गरजच नाही.

पण 'एका माणसानं' असंच मी म्हणायचो. त्याची जोडी माझी होती, हे कधी नाही. मास्तर बाजूला उभे राहून ऐकायचे, वाट पाहायचे, आणि मी थांबलो की शिट्टी वाजवायचे. एकदाही म्हणाले नाहीत, की अजून राहिलं. दर वर्षी पोळा झाला की ते महादेवच्या गावी जाऊन येत, त्याच्या बायकोला भेटायला. मला विचारत, "येतो का?" मी म्हणे, पंपाचं काम आहे. मग ते एकटेच जात.

या वर्षी पोळ्याआधीच ते गेले. कंडक्टरनं सांगितलं त्या दिवसापासून मला एकच सुचत होतं, की आता तिकडं कोण जाईल. गेल्या आठवड्यात मी गेलो.

महादेवची बायको सुभद्राबाई अंगणात मुगाच्या शेंगा सोलत होती. केस पिकायला लागले आहेत. मला तिनं एकदाच पाहिलं असेल, प्रेताबरोबर आलो होतो तेव्हा. तरी ओळखलं. मी ओसरीतल्या बाजेवर बसायला गेलो तशी म्हणाली, "थ्या बाजीवर नोका बसू. थे तायडेभाऊची जागा हाय." तिनं पोतं टाकलं, मी खाली बसलो. बाजेवर धुतलेली गोधडी नीट घडी करून ठेवली होती, आणि ती त्यांच्या येण्याच्या दिवसांत ठेवलेली असणार, हे मला न विचारता समजलं. त्यांच्या जाण्याची बातमी तिला कळली होती.

मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणालो, "वयनी, त्या दिवशी महादेवची जोडी..."

"तुमची व्हती," ती म्हणाली. "मालूम हाय मले."

"कोनं सांगतलं?"

"तायडेभाऊनं. तेरव्यालेच आले व्हते ना थे. मने, सायबाम्होरं मी खोटं बोलून आलो, तुमच्याम्होरं नाई बोलत." तिनं शेंग मोडली, दाणे सुपात टाकले. "मी लय शिव्या देल्या तुमाले तवा. तोंड सुकेपर्यंत देल्या. थे बसून आयकत राह्यले. मंग मने, त्याले आपून होऊन येऊ द्या. हर साली मी इचारो, आला नाई का थो गप्पाड्या? मने, यीन."

मी मान खाली घातली. अंगणात कोंबडी फिरत होती, तिच्याकडं पाहत राहिलो. "माह्यं चुकलं," एवढं कसंतरी म्हणालो. तिनं आणखी दोन शेंगा मोडल्या.

मग म्हणाली, "एक गोठ तायडेभाऊनं कधी सांगतली नाई मले. गावातले मानसं सांगत, का महादेव हासत हासत उठला व्हता थ्या झाडाखालून. कावून हासत व्हता, काय आयकलं व्हतं त्यानं? तायडेभाऊले इचारलं त मने, थे बापूची गोठ हाय, थ्याच्याच तोंडून आयका." तिनं सूप बाजूला सारलं. "सांगा आता."

"वयनी, थे सगळं खोटं..."

"असू द्या. थ्याले सांगतली तशीच सांगा. कमी नोका करू."

मी ती गोष्ट मैदानात किती वेळा सांगितली असेल, हिशेब नाही. त्या अंगणात मला पंप फुटला इथंच धाप लागली. डास सांगितले. नाल्यातले मासे सांगितले. "खाल्ले?" ती म्हणाली. मी म्हटलं, "कालवन केलं." साप आला. मी बसलो, साप बसला, मी त्याच्याकडं पाहतो, तो माझ्याकडं पाहतो... आणि मी तिथंच थांबलो. मला महादेव दिसत होता, मातीत बसलेला, पोट धरून.

तिनं विचारलं, "मंग? सापाचं काय झालं?"

"सापानं मान टाकली," मी म्हणालो.

"इथं हासला थो?"

"हो. सगळ्यांपेक्षा जास्त."

तिनं तोंडाला पदर लावला आणि बाजेकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. हसून की कशानं, ते मला दिसलं नाही, आणि जे दिसलं नाही ते मी इथं लिहिणार नाही.